जुन्या घराण्याचे पहिले मनगटी घड्याळ कसे निवडावे

आमच्या वरूड तालुक्यात संत्र्याचा आंबिया बहार उतरून बागेचा सौदा मनासारखा झाला, की एखादा तरुण बागायतदार किंवा नुकताच नोकरीत कायम झालेला एखादा शिक्षक मला गाठतो आणि जरा संकोचूनच विचारतो, "सर, आयुष्यात एक चांगलं घड्याळ घ्यायचं आहे, कोणतं घेऊ?" चांगले म्हणजे स्वित्झर्लंडचे किंवा जपानचे, पिढ्यान्पिढ्या नाव टिकवलेल्या कारखान्याचे, हे दोघांनाही ठाऊक असते. अशा वेळी मी कोणत्याही घड्याळाचे नाव सांगण्याआधी एक प्रश्न विचारतो: ते बिघडले तर कुठे नेणार? हा प्रश्न अनेकांना अपशकुनी वाटतो, परंतु नागपूरपासून नव्वद-शंभर किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने घड्याळ निवडण्याची सुरुवात इथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

यामागचे कारण यंत्रातच आहे. आजची बहुतेक यांत्रिक घड्याळे, म्हणजे सेलऐवजी कमानीवर चालणारी, ताशी २८,८०० ठोके देतात, म्हणजे एका दिवसात जवळपास सात लाख. इतक्या हालचालीत आतील तेल हळूहळू सुकते, चाकांच्या टोकांची झीज होते, आणि साधारण पाच ते दहा वर्षांत पूर्ण यंत्र सुटे करून, धुऊन, नव्याने तेल देऊन बसवावे लागते. माझ्या वडिलांकडे एचएमटीचे 'जनता' होते. हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, त्या कारखान्याच्या वाणातले ते किल्लीचे घड्याळ बाबा रोज सकाळी चहाच्या आधी किल्ली देऊन मनगटावर बांधत. ते बिघडले तर तालुक्याच्या बसस्थानकाशेजारी बसणारे घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून तासाभरात दुरुस्त करून देत, कारण त्यांच्या पत्र्याच्या डब्यात त्याचे सगळे सुटे भाग असत. मोठ्या स्विस घराण्यांच्या घड्याळांबाबत ही सोय नाही. ही घराणी आपले सुटे भाग अधिकृत केंद्रांच्या बाहेर सहसा देत नाहीत, त्यामुळे काकांचा हात कितीही कुशल असला तरी त्यांच्याकडे लागणारे चाक नसते.

म्हणून घड्याळ पाहायला निघण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या सर्वांत जवळचा अधिकृत विक्रेता आणि अधिकृत दुरुस्ती केंद्र कोणते, हे शोधावे. नागपुरात विक्रेता असला म्हणजे दुरुस्तीही नागपुरातच होईल असे नाही. पुष्कळदा घड्याळ तिथे फक्त स्वीकारले जाते आणि पुढे मुंबईला किंवा थेट परदेशात पाठवले जाते. विक्रेत्याला फोन करून घड्याळ कुठे जाते, किती आठवडे लागतात, प्रवासातला विमा कोणाच्या नावावर असतो आणि पूर्ण सर्व्हिसिंगचा आजचा दर काय आहे, हे स्पष्टपणे विचारावे व वहीत टिपून ठेवावे. जो विक्रेता या प्रश्नांना टाळाटाळ करतो, त्याच्याकडून लाखांची वस्तू घेऊ नये. नागपुरात सोय नसेल, तर विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठण्याची आपली तयारी आहे का, याचे उत्तर आधी स्वतःला द्यावे.

आता घराण्यांकडे वळू. गाण्यात जसे घराणे म्हणजे एखादे गाजलेले नाव एवढेच नसते, पिढीमागून पिढीकडे चालत आलेली रीत असते, तसेच घड्याळांचेही आहे. जाहिरातीत स्थापनेचे साल ठळकपणे छापलेले असते, परंतु त्या सालापासून आजपर्यंत काम अखंड चालले का, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे. जिनिव्हाचे व्हाशरॉन कॉन्स्टन्टिन १७५५ पासून सलग काम करीत आले आहे. ब्लाँपँ आपली सुरुवात १७३५ मध्ये सांगते, पण मध्यंतरी ते नाव निद्रिस्त होते आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याला पुन्हा जागे करण्यात आले. जर्मनीचे ए. लांगे उंड झोने १८४५ मध्ये सुरू झाले, दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत ताब्यातील पूर्व जर्मनीत १९४८ साली सरकारजमा झाले आणि संस्थापकाच्या पणतूने १९९० मध्ये ते पुन्हा उभे केले. आज त्याची कारागिरी कोणापेक्षाही कमी नाही. तेव्हा खंड पडला म्हणून घराणे खोटे ठरत नाही. मात्र ज्याला आजोबांच्या काळातील घड्याळाचा सुटा भाग आजही मिळावा असे वाटते, त्याने अखंड परंपरेला अधिक वजन द्यावे. पाटेक फिलीप १८३९ पासूनच्या आपल्या कोणत्याही घड्याळाची दुरुस्ती करण्याची जबाबदारी घेते, ही गोष्ट मला त्यांच्या सोन्याच्या पेटीपेक्षा (म्हणजे यंत्राभोवतीच्या कवचापेक्षा) मोठी वाटते.

पहिल्या खरेदीसाठी मी आणखी एक कसोटी लावतो. घराणे जुने असणे पुरेसे नाही. निवडलेला घाट, म्हणजे घड्याळाचे मॉडेलही, जुना आणि टिकलेला असावा. रोलेक्सचे 'डेटजस्ट' १९४५ पासून, ओमेगाचे 'सीमास्टर' १९४८ पासून आणि 'स्पीडमास्टर' १९५७ पासून, कार्तिएचे 'टँक' तर १९१७ पासून बनत आहे. यातले 'स्पीडमास्टर' १९६९ मध्ये अंतराळवीरांच्या मनगटावरून चंद्रावर गेले, हे अनेकांना ठाऊक असते. जेगर-लकूल्त्रच्या 'रिव्हर्सो'ची गोष्ट मात्र आपल्या मातीशी जोडलेली आहे. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळात फुटत असत, त्यावर उपाय म्हणून १९३१ साली चौकोनी पेटी उलटी फिरवून काच मनगटाकडे करता येईल असे हे घड्याळ तयार झाले. अशा दीर्घायुषी घाटांचा व्यावहारिक लाभ असा, की ते दहा वर्षांनी जुनाट दिसत नाहीत, त्यांचे पट्टे व काचा मिळत राहतात, आणि कारागिरांचा हात त्यांवर बसलेला असतो. एखाद्या खेळाडूच्या नावाने मर्यादित संख्येत काढलेले, भडक तबकडीचे घड्याळ पहिल्या खेपेला घेऊ नये.

पैशाचा विचार आपल्याकडे सोन्याच्या हिशेबाने करण्याची सवय आहे, आणि नेमकी इथेच चूक होते. सोन्याचा दागिना सराफाकडे नेला, तर त्या दिवशीच्या भावाने त्याची मोड मिळते, मग गाव कोणतेही असो. घड्याळाला अशी मोड नाही. रोलेक्सचे मोजके नमुने आणि पाटेकसारख्या घराण्यांची काही घड्याळे सोडली, तर दुकानाच्या पायरीवरून उतरताच घड्याळाची किंमत कमी होते. म्हणून गुंतवणूक या शब्दाला भुलू नये. घड्याळ वापरण्यासाठी घ्यावे आणि पुढच्या पिढीला द्यायचे असेल तर वस्तू म्हणून द्यावे. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर तर ते मुळीच घेऊ नये. बागेचा पैसा हातात आल्याच्या आठवड्यात खरेदी करण्याऐवजी खत, मजुरी, पीककर्ज आणि मुलांच्या फीचे पैसे बाजूला काढून, एक हंगाम थांबून, तेव्हाही इच्छा कायम असेल तर जावे. आजच्या घडीला ढोबळमानाने टिसोची ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने चालणारी) घड्याळे लाखाच्या आत-बाहेर, लाँजिन्सची साधारण दीड लाखापासून पुढे, आणि ओमेगा व रोलेक्सची पाच-सहा लाखांच्या आसपास सुरू होतात. टिसो १८५३ पासून ल लोक्ल गावात आणि लाँजिन्स १८३२ पासून सँतिमिए गावात काम करीत आहे, त्यामुळे परवडणारे म्हणजे परंपरेत उणे, असा समज कोणी करून घेऊ नये. माझ्या मते आपल्या भागातील बहुतेकांचे पहिले घड्याळ याच दोन घराण्यांतून निवडले जावे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

काही कायदेशीर गोष्टी शेतकरी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवाव्यात, कारण आपल्याकडे सौदे अजूनही बरेचसे रोखीत होतात. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे, तेव्हा पैसे बँकेतून द्यावे लागतील आणि पॅन कार्ड दाखवावे लागेल. घड्याळावर १८ टक्के जीएसटी लागतो. दहा लाखांहून अधिक किमतीच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का कर उगमापाशी गोळा करतो. ही रक्कम बुडत नाही, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तिचा हिशेब मिळतो. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांमधील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. ज्याला घाई नाही, त्याने किमतींवर नजर ठेवून थांबण्यात शहाणपण आहे. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडे मात्र पाठ फिरवावी.

यंत्र कोणते असावे, याविषयी शौकिनांमध्ये फार हट्ट दिसतो. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्ज घड्याळात स्फटिकाची बारीक कांडी सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते आणि त्या नियमित कंपनावर काळ मोजला जातो. सेइकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी असे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि त्यानंतरच्या दशकभरात स्वित्झर्लंडचे कित्येक कारखाने बंद पडले. अचूकतेत साधे क्वार्ट्जही महागड्या यांत्रिक घड्याळाला मागे टाकते. त्यामुळे जो माणूस घड्याळ फक्त लग्नकार्यात आणि तालुक्याच्या कामासाठी बांधणार आहे, त्याने क्वार्ट्ज घ्यावे; कपाटातून काढल्यावर ते वेळ दाखवीत असते. रोज बांधणाऱ्याने ऑटोमॅटिक घ्यावे, ज्यात मनगटाच्या हालचालीने आतील अर्धगोल वजन फिरते आणि कमान गुंडाळली जाते. रोलेक्सने १९३१ मध्ये ही रचना भरवशाची केली. इथे एक आकडा आवर्जून विचारावा: पूर्ण गुंडाळल्यावर घड्याळ किती तास चालते? जुन्या धाटणीची यंत्रे ३८ ते ४२ तास चालतात, तर टिसोचे एक प्रचलित यंत्र ८० तास, लाँजिन्सची अनेक यंत्रे ७२ तास आणि रोलेक्सची बहुतेक नवी यंत्रे ७० तास चालतात. फवारणीच्या दिवसांत दोन दिवस घड्याळ काढून ठेवणाऱ्या माणसाला हा फरक फार जाणवतो. बाबांसारखी रोज सकाळी किल्ली देण्याची ज्याला ओढ आहे, त्याने किल्लीचेच घ्यावे. ते बहुधा पातळही असते आणि त्याचे यंत्रही साधे असते.

तबकडीवर 'क्रोनोमीटर' असे लिहिलेले असेल, तर त्या यंत्राची स्वित्झर्लंडच्या स्वतंत्र संस्थेने पंधरा दिवस पाच स्थितींत व ८, २३ आणि ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत चाचणी घेतलेली असते, आणि त्याची सरासरी चूक दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असते. यातला ३८ चा आकडा आपल्याकडचा माणूस थबकून वाचतो, कारण मे महिन्यात आपला पारा ४५ च्या वर जातो. मनगटावर असताना शरीर घड्याळाचे तापमान बऱ्यापैकी सांभाळते, त्यामुळे उन्हात फिरताना काळजीचे कारण नाही. खरी हानी होते ती घड्याळ काढून ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवल्याने. तिथे तेल पातळ होऊन पसरते आणि पाणी अडवणारी रबरी वायसरे वेळेआधी कडक होतात.

पाण्याविषयी मी स्वतः शिकलो ते नुकसान सोसून. माझ्या पहिल्या चांगल्या घड्याळाच्या पाठीवर ३० मीटर असे कोरलेले होते, आणि त्याचा अर्थ मी शब्दशः घेतला. जूनच्या पहिल्या पावसात ठिबकचा फिल्टर धुताना ते हातावरच होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आतून धुके धरलेले दिसले. हे आकडे प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचे असतात. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, ५० मीटर म्हणजे फार तर हलके पोहणे. शेतात वावरणाऱ्याने किमान १०० मीटरचे आणि स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसवायची किल्ली (पेटीच्या बाजूची, वेळ लावण्याची बोंडी) असलेले घड्याळ घ्यावे, आणि वेळ लावून झाल्यावर किल्ली बसली की नाही, हे बोटाने चाचपून पाहण्याची सवय लावावी. रबरी वायसरे जुनी होतात, म्हणून दर एक-दोन वर्षांनी, शक्यतो मृगाच्या आधी, पाण्याची चाचणी करून घ्यावी.

धुळीचे म्हणाल, तर काळ्या मातीपेक्षा तिच्यातील वाळूचे कण अधिक घातक असतात. काचेसाठी नीलम स्फटिकाचाच आग्रह धरावा. त्याचा कठीणपणा १ ते १० च्या मोह्स मोजपट्टीवर ९ आहे, वाळूचा ७, आणि साध्या काचेचा त्याहूनही कमी. पोलादी पेटीवर ओरखडे येणारच. चकचकीत पेटीवर ते उठून दिसतात, रेघारेघांच्या निस्तेज पृष्ठभागावर झाकले जातात, म्हणून शेतात-बाजारात वावरणाऱ्याने निस्तेज पेटी पसंत करावी. सोन्याचा मुलामा दिलेली पेटी घामाने कडांवर झिजते. सोनेच हवे असेल तर ते भरीव १८ कॅरेटचे असावे, नाहीतर पोलाद उत्तम. कातडी पट्टा आपल्या उन्हाळ्यात एका हंगामात घामाने काळवंडतो आणि त्याला वास येतो. माझा सल्ला असा, की घड्याळ पोलादी साखळीवरच विकत घ्यावे, कारण साखळी नंतर वेगळी घेतली तर फार महाग पडते, आणि कातडी पट्टा केव्हाही लावता येतो. कीटकनाशक फवारताना घड्याळ घरी ठेवावे, याला अपवाद करू नये.

आकारासाठी दुकानात जाण्याआधी सुती दोरा मनगटाभोवती गुंडाळून पट्टीवर मोजावा, आणि मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदीही मोजावी. पेटीचा व्यास सगळे विचारतात, पण पट्टा अडकवण्याच्या वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतची लांबी त्याहून महत्त्वाची असते. ती मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली, तर घड्याळ कायम उसने आणल्यासारखे दिसते. सोळा-साडेसोळा सेंटिमीटर घेराच्या मनगटाला ३६ ते ३९ मिलिमीटर व्यासाची पेटी शोभते. उन्हाळ्यात दुपारी मनगट किंचित फुगते, तेव्हा साखळीच्या कडीत थोडे सैल-घट्ट करण्याची सोय आहे का, ते पाहावे.

घरातील इंडक्शन शेगडी, मोबाईलचा स्पीकर आणि पंपाची मोटर यांच्या चुंबकत्वाने साधे यांत्रिक घड्याळ अचानक दिवसाला मिनिट-मिनिट पुढे धावू लागते. हा बिघाड नव्हे. चुंबकत्व काढणे मिनिटभराचे काम आहे. ओमेगाची 'मास्टर क्रोनोमीटर' घड्याळे १५,००० गॉसपर्यंतचे (गॉस हे चुंबकत्व मोजण्याचे एकक) चुंबकीय क्षेत्र सहन करतात, हा त्यांचा खरा गुण आहे.

जुने घड्याळ घेण्याचा मोह अनेकांना होतो, विशेषतः फाव्र-ल्युबासारखी स्विस नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असल्यामुळे. परंतु अशा बऱ्याच घड्याळांची तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एकाचे आणि यंत्र दुसऱ्याचे असते. अक्षरांच्या कडा पुसट असतील, नाव किंचित तिरपे असेल किंवा जुन्या घड्याळाची तबकडी संशय यावा इतकी नवी दिसत असेल, तर घेऊ नये. पहिली खरेदी नवी आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच असावी. जुन्यात हात घालायचा तो दोन-तीन वर्षे नजर तयार झाल्यावर.

खरेदीच्या दिवशी सकाळच्या वेळी, उजेड असताना जावे. दोन-तीन घड्याळे प्रत्येकी दहा मिनिटे हातावर ठेवून बसावे, किल्ली स्वतः फिरवून पाहावी, काटे पुढे नेऊन तारीख बाराच्या सुमारास बदलते का ते पाहावे, आणि साखळीच्या कड्या तिथेच काढून घेऊन त्या सुट्या कड्या मागून घ्याव्यात. हमीपत्रावर खरेदीची तारीख, विक्रेत्याचे नाव आणि पेटीवरील अनुक्रमांक जुळतो की नाही, हे स्वतः वाचावे. बिल आपल्या पूर्ण नावाने घ्यावे. घरी आल्यावर बिल, हमीपत्र आणि घड्याळाच्या पाठीचे छायाचित्र यांची एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी.

पहिला महिनाभर रोज सकाळी एकाच वेळी मोबाईलच्या घड्याळाशी ताडून किती सेकंद पुढे किंवा मागे आहे, ते वहीत लिहावे. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलू नये, कारण तेव्हा तारखेची चाके आपसूक गुंतलेली असतात. रोजचा फरक कंपनीने सांगितलेल्या मर्यादेबाहेर जात असेल, तर हमीच्या काळातच ती वही घेऊन विक्रेत्याकडे जावे, आणि तोवर घड्याळाची पाठ तालुक्याच्या दुकानात उघडू देऊ नये.